मला मध काढताना बघायचा होता

मी आता सत्तरीत आहे आणि मला मधातलं काहीही कळत नाही. सत्तावन्न वर्षांची तरणीताठी होते तेव्हा मात्र सगळं कळत होतं. नगरला सावेडीतल्या आमच्या कॉलनीत कोणाच्याही घरी मधाची बाटली आली की ती आधी माझ्या ओट्यावर यायची. मी पदर खोचायचे, चष्मा नाकावर चढवायचे आणि परीक्षेला बसायचे. म्हणजे मध बसायचा, मी तपासायचे.

परीक्षा चार होत्या. ग्लासभर पाण्यात थेंब सोडायचा, तो न विरघळता तळाला गेला तर पास. टीपकागदावर डाग पसरला नाही तर पास. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढायची, पेटली तर पास. चौथी परीक्षा शेजारणीचा कुत्रा घ्यायचा. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही असं मला कोणीतरी सांगितलं होतं. हे कुत्रं इतकं लाडावलेलं की जिलबीसुद्धा हुंगून सोडायचं, त्यामुळे त्याच्यापुढे ठेवलेला प्रत्येक मध खरा ठरायचा. साखरेचा घट्ट पाक करून दिला असता तर तो माझ्याकडे चारही विषयांत पहिल्या वर्गात आला असता. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्यातच ‘सेंद्रिय’ची लाट आली. बाटलीवर हिरवं पान छापलेलं असलं की बायका दुप्पट किमतीला उचलायच्या. या शेतावर फवारणी झालीय, तिकडे फिरकू नको, असं माशीला कोण सांगणार, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी ठरवलं, सेंद्रिय म्हणजे जंगलातला. आणि भंडारदऱ्याला सहलीला गेलो असताना रस्त्याकडेला बसलेल्या एका बाईकडून मी आग्या मोहळाच्या मधाची बाटली घेतली. आग्या मोहोळ म्हणजे त्या मोठ्या माश्यांचं, उंच कड्यांवर लटकणारं.

घरी आल्यावर भिशीच्या बायकांसमोर परीक्षा झाली. मध पातळ. पाण्यात थेंब पडता पडताच विरला. टीपकागद ओला. काडी तर फुस्सकन विझली. मी बाटली सगळ्यांना दाखवून निकाल दिला, “पाणी घातलंय मेलीनं.” आग्या माशीचा मध मुळातच पातळ असतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला राग कळत होता. पुढच्याच मंगळवारी सकाळी मी भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या अकोल्याची एसटी पकडली. केसाला वासाचं तेल, त्यावर मोगऱ्याचा गजरा, पिशवीत बाटली आणि काडेपेटी. नवऱ्याने दारातून विचारलं, “एका बाटलीसाठी एवढ्या लांब?” मी म्हटलं, “प्रश्न बाटलीचा नाही.” कशाचा होता ते मी आजवर सांगू शकलेले नाही.

जीप बदलून पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. बाई तिथंच बसलेली. तिशीची असेल, काटक, कपाळावर गोंदण. शेजारी तिचा नवरा कोयत्याला धार लावत होता आणि तिचा भाऊ दोर तपासत होता, वीतवीत पुढं सरकवून, जपमाळ ओढावी तसा. मी सगळ्यांसमोर काडी विझवून दाखवली.

ती म्हणाली, “बाई, तुमची काडी वली आसंल.”

“काडी कोरडी आहे. मध ओला आहे.”

“मध न्हाई तर काय वाळकी लाकडं इकती का मी?”

“काढता कधी तुम्ही मध?”

“अवसंला. अंधारात. माशी तवाच गप आसती.”

मला तेच हवं होतं. “बघा! अंधारात काढायचा म्हणजे कोणी बघायला नको, कोणी विचारायला नको. खरा असेल तर दिवसा काढून दाखवा ना. लपवायचं काय आहे?”

भावाने मान वर केली. “दिवसा न्हाई काढीत आमी. माणूस जातो त्यात.”

“मग म्हणा ना सरळ, की पाकाचा आहे. चाळीस बाटल्या घेणार होतो आम्ही.” चाळीस हा आकडा मी जागेवरच तयार केला होता.

तिच्या कपाळावरचं गोंदण आक्रसलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कोयत्यावर अंगठा फिरवत राहिला. भाऊ म्हणाला, “आक्के, ऐक माझं.” पण अक्का उठली होती. “चला बाई. बघाच आता डोळ्यांनी.”

अर्ध्या तासाच्या वाटेवर मी त्यांची पद्धत विचारून घेतली, कारण मला कॉलनीत सांगायला लागणार होती. नवरा दोराने कड्यावरून उतरतो. वर दोर धरायला नेहमी बायकोचा भाऊच. “का?” मी विचारलं. भाऊ म्हणाला, “सख्खा भाव सोडील दोर. मेव्हना न्हाई सोडीत. भन रांडव व्हती त्येची.” इतक्या सहज म्हणाला, जसा काही एसटीचा टाइम सांगतोय. नवऱ्याच्या कमरेला एक बारीक सुतळी बांधलेली असते, तिचं टोक खाली बायकोच्या मुठीत. त्यानं एक झटका दिला की सगळं ठीक. बायकोनं कड्याकडे पाठ करून बसायचं. आणि माणूस दोरावर असेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही.

“नाव घेतलं तर?”

“मव्हाळ वळख धरतं,” ती म्हणाली.

मला हसू आलं. मग कडा दिसला आणि हसू विरलं.

कड्याच्या पोटात दहा-बारा काळी पोळी लटकत होती, उलट्या टांगलेल्या सुपांसारखी. आवाज कानाने ऐकू येण्याआधी दातांना लागत होता. मधूनच एका पोळ्यावरून काहीतरी सरकायचं, वरून खाली, कोणी मखमलीवरून तळहात फिरवावा तसं. पुन्हा सरकायचं. तो वारा नव्हता. माश्याच एकीमागून एक पोट वर करत होत्या. सगळा कडा अंग शहारल्यासारखा करत होता, आणि मी जिकडे सरकेन तिकडून तो शहारा सुरू व्हायचा.

दोघं पुरुष मागच्या वाटेनं कड्यावर चढले आणि वरून सुतळीचं टोक खाली सोडलं. ती ते मुठीत धरून कड्याकडे पाठ करून बसली. मी तिच्यासमोर, कड्याकडे तोंड करून. नवरा वरून उतरताना दिसला, हातात धुराची चूड. इवलासा. सुतळी एकदा हलली. तिनं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

मग आवाज थांबला.

तो वाढला असता तर मी पळाले असते. तो एकदम थांबला, पंखा बंद केल्यासारखा, आणि त्या शांततेत मला माझ्या गजऱ्याचा वास आला. इतका घमघमीत, की मलाच नकोसा झाला. तिलाही आला असावा. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि काही न बोलता गजरा हिसडून लांब फेकला. केसही उपटले गेले. दुसऱ्या क्षणी तिनं खांद्यावरची घोंगडी आम्हां दोघींवर ओढली.

आत काळोख आणि लोकरीचा वास. बाहेरून कोणी मूठमूठ बाजरी मारतंय असं ते अंगावर आदळायला लागलं. तीन माश्या आत आल्या होत्या, त्यांनी मला मानेवर टोचलं. ओरडायला तोंड उघडलं तर तिनं तळहात दाबला. दुसऱ्या मुठीत सुतळी. तिनं माझा हात ओढून त्या सुतळीवर ठेवला. एकटीनं धरवत नसावी.

सुतळी हलत नव्हती.

मी मोजत होते की देवाचं नाव घेत होते, आठवत नाही. माझी हुशारी, माझे टीपकागद, माझ्या खोट्या चाळीस बाटल्या. माझ्या हट्टापायी एक माणूस वर लटकलेला, आणि त्याची बायको माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय, त्याला हाकही मारू शकत नाही.

मग झटका आला. एक.

तिचा श्वास सुटला तो मला गालावर लागला. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग परत. ठरावीक अंतराने, न चुकता. ती प्रत्येक झटक्याला कुजबुजायची, “हाय. हाय. हाय.” मीही म्हणायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. बाजरी विरळ झाली, मग थांबली.

घोंगडी बाहेरून कोणीतरी उचलली. उजेडात डोळे दिपले. समोर तिचा नवरा उभा होता, धडधाकट, कपाळावर दोन गांधी. मागे तिचा भाऊ दगडावर टेकलेला. त्याचं तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले होते आणि दोन्ही तळवे सोलून लाल. माश्या तोंडावर बसलेल्या असताना त्यानं दोर ओढून माणूस वर घेतला होता, आणि मग दोघं मागच्या वाटेनं उतरून आले होते.

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. आणि तेवढ्यात आमच्या मुठीतली सुतळी हलली.

एकदा.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे. नवरा समोर उभा होता, त्याच्या कमरेला सुतळीचं एवढंसं शेपूट लोंबत होतं.

“तू कवा सोडलीस ही?” तिनं हळूच विचारलं.

“मव्हाळ उठलं तवाच. पायात याय लागली म्हनून कापली. का?”

तिची नजर सुतळीवरून पुढे गेली. सुतळी दगडांवरून, झुडपांमधून कड्याच्या बुडापर्यंत सैल पडलेली दिसत होती, आणि पुढे सावलीत शिरलेली. नगरला आल्यावर माझा नवरा म्हणाला, तुझेच हात थरथरत असतील. असतील. पण थरथर अशी ठरावीक अंतराने येते का, हे मी त्याला विचारलं, तर तो पेपर वाचायला लागला.

भावानं सुजलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. “दिसला का मध, बाई?”

मी काही बोलले नाही. इतकी वर्षं बोलल्यावर पहिल्यांदाच.

तिनं माझी बाटली पिशवीतून काढली, माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, “घिऊन जा. पैसं दिल्यात तुमी. पन पुन्ना आमच्याकडं येऊ नगा.” रागानं नाही. पाहुणीला वाट दाखवावी तसं.

मग तिनं मूठ उघडली. मला वाटलं ती आता सुतळी ओढून गुंडाळून घेईल. एवढ्या लांबीची, चांगली, नवीन सुतळी. तिनं टोक अलगद जमिनीवर ठेवलं, त्यावर एक चपटा दगड ठेवला, आणि नवऱ्याचा हात धरून मागं न बघता चालायला लागली. भाऊही उठला. सुतळीवर पाय पडू नये म्हणून त्यानं ती ओलांडली, आणि मला खुणेनं तसंच करायला सांगितलं.

मी साडी घोट्याच्या वर धरली आणि ओलांडली. का, ते विचारलं नाही.