टोप कुठे होता?

चारुदत्त काकांचा आवाज तसा बेताचाच. थोडा नाकातून येणारा, सांगलीकडचा हेल अजून न सोडलेला. पण गेली नऊ वर्षं अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळींसाठी जगभरचे नट याच आवाजात बोलतात. इराणी मेंढपाळ, कोरियन सासू, इटालियन न्हावी, सगळे सांगलीचे.

याचं मूळ उत्तरा काकू. काकू बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर. अठ्ठावीस वर्षांत या भागातल्या किती पोरांना पहिली चापट त्यांनी मारली याची गणती नाही. पुढे काचबिंदूने दृष्टी गेली आणि परभाषेतले सिनेमे बघायची हौस अडून बसली. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचणार कशी? काका ट्रान्सफॉर्मरचे इंजिनियर, साहित्याशी संबंध शून्य. ते सोफ्यावर शेजारी बसून मराठीत वाचून दाखवू लागले. नुसते संवाद नाहीत. "आता ती खिडकीशी गेलीय. हातात पत्र आहे, उघडत नाहीये," हेसुद्धा. मग ते मंडळातल्या नागपूरच्या गिरीश काकांना कळलं, मग भारतातून महिना-दोन महिने आलेल्या आईबापांना, ज्यांच्या डोळ्यांपुढून ती अक्षरं भुर्रकन पळतात. आता दर महिन्याला एका शनिवारी दुपारी लायब्ररीची मोठी खोली, तीसेक खुर्च्या, पुढच्या रांगेत काकू आणि त्यांच्या शेजारी माइक धरून काका.

मी कुश. शाळा वैजापूरची, नोकरी इथल्या एका विमा कंपनीत. मंडळात माझं काम म्हणजे सिनेमा शोधायचा, लॅपटॉप जोडायचा आणि बर्फाच्या दिवसांत काका-काकूंना गाडीने न्यायचं-आणायचं.

काका प्रत्येक सिनेमा आधी दोनदा बघतात, वहीत मराठी वाक्यं उतरवून काढतात. फेब्रुवारीत त्यांना फ्लू झाला. फोनवर खोकत म्हणाले, "या वेळी आधी बघणं जमत नाही रे. तू निवडलायस तो चांगलाच असेल. कशावर आहे?"

"फ्रेंच आहे काका. अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ. लज्जा या विषयावर ग्रंथ लिहितोय."

"वा! विचार असतील त्यात."

"खूप."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या तत्त्वज्ञाची विजार अकराव्या मिनिटाला हरवते आणि शेवटपर्यंत सापडत नाही, एवढंच मी बोललो नाही. सिनेमा मी आदल्याच आठवड्यात बघितला होता, एकटाच लोळून हसलो होतो. काकांचं ते गंभीर वाचन या प्रसंगातून कसं बाहेर पडतं, हे मला बघायचं होतं. टवाळी म्हणायची तर टवाळी. वैजापूरला आम्ही मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावायचो. माणूस अमेरिकेत आला तरी बोटं तीच.

शनिवारी खोली भरलेली. काका मफलर गुंडाळून बसले. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. मानवी स्वभाव, निसर्ग, राजाची सेन्सॉरशिप. काका रंगले. मग सरदारीणबाई वाद घालायला आल्या आणि वाद गवताच्या गंजीत गेला.

काकांचा आवाज थांबला. मग आला, "दोघेही... विचारविनिमय करत आहेत."

खोलीत हशा फुटला. गिरीश काका मागून ओरडले, "नागपुरात याला वेगळं म्हणतात, चारुदत्त!"

"बाई त्याचं हस्तलिखित तपासत आहेत," काका घाम पुसत म्हणाले. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. मग बिशप येतो. तत्त्वज्ञाच्या अंगावर केसांच्या टोपाखेरीज काही नाही, आणि तो टोपही त्याने डोक्यावर ठेवलेला नाही. बिशप हात पुढे करतो, तत्त्वज्ञाला तो दोन्ही हातांत घेऊन ओठांना लावावा लागतो. जो हशा झाला, तो शेजारच्या खोलीतल्या विणकामाच्या क्लासने दार उघडून बघितला.

काकूंनी काकांचा हात धरला. "काय झालं?"

"काही नाही. टोप पडला त्याचा."

काकू हसल्या नाहीत.

परतताना गाडीत वायपर तेवढे बोलत होते. घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या, "कुश, आत ये. चहा घेऊन जा." नाही म्हणण्याची सोय नव्हती. काका आधण ठेवायला वळले तर म्हणाल्या, "अहो, तुम्हीही बसा." आणि माझ्याकडे तोंड करून, "टोप कुठे होता?"

मी सांगितलं. मान खाली घालून, त्यांना दिसत नसताना.

"एवढंच?" काकू काकांकडे वळल्या. "मी अठ्ठावीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. तुम्ही माझ्यापासून काय झाकत होतात?"

"लोकांसमोर कसं बोलणार, उत्तरा? जिभेवर येईना."

"नका बोलू. 'मला सांगता येत नाही' म्हणा. मी समजले असते. तीस माणसं एक सिनेमा बघत होती आणि मी एकटी दुसराच. माझ्या भोवती हसत होते सगळे. मला वाटलं मलाच हसताहेत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त काकांची फजिती मोजली होती.

काकूंचा आवाज अजून खाली गेला. "खरं सांगा. नऊ वर्षांत अजून किती वेळा?"

काका टेबलावरची चिनी मातीची, हत्तीच्या आकाराची मीठदाणी इकडून तिकडे सरकवत राहिले. "एकदा."

"कोणता?"

"नॉर्वेचा. घरी दोघांनीच बघितलेला. बेटावर एकटी राहणारी म्हातारी."

काकूंचा चेहरा बदलला. तो सिनेमा त्यांचा लाडका. शेवटी बोट येते आणि म्हातारी सामान घेऊन मुलाकडे जाते, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना निदान चार वेळा सांगितलं असेल. मी तो बघितलेला नव्हता, त्यामुळे मलाही तेच खरं वाटत होतं.

"ती बोटीत बसली नाही, उत्तरा," काका म्हणाले. "ठेवली तिला बोटीत. बोट एक दिवस उशिरा आली."

त्यांनी मीठदाणी टेबलाच्या मधोमध उभी केली.

"तुझ्या बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा होता. मी वाचत वाचत तिथपर्यंत आलो आणि... बसवली तिला."

"रिपोर्ट माझा होता," काकू म्हणाल्या. "घाबरलेले तुम्ही होतात."

"हो."

काकूंनी डोळे पुसले, चिडूनच पुसले. सहा वर्षं ती म्हातारी शॉमबर्गात सुखरूप होती. माझ्या टवाळीपायी त्या दुपारी गेली.

काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक माझी आहे. न बघता वाचायला बसलो. या पोराला कशाला बसवून ठेवतेस? त्याने तरी कुठे बघितला होता तो फ्रेंच सिनेमा."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहाच्या कपात बघत राहिलो. तीन सेकंद असतील, चार असतील.

"याने बघितला होता," काकू म्हणाल्या.

"काहीतरीच काय!"

"बिशप आला तेव्हा बाकीचे टोप पडल्यावर हसले. हा लॅपटॉपपाशी आधीच हसू दाबत होता. प्रत्येक वेळी आधी. मला डोळे नाहीत, कान आहेत." मग माझ्याकडे, "होय ना रे?"

"हो काकू."

काकांचा हात खांद्यावरून निघाला. झटक्याने नव्हे, हळूच. मोलकरणीने चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू उचलावी तसा. रागावले असते तर बरं झालं असतं. मी "सॉरी काका" म्हणालो. ते म्हणाले, "चहा निवतोय."

काकूंनी शिक्षा दोघांनाही एकच सुनावली. पुढच्या महिन्यात तोच नॉर्वेचा सिनेमा, लोकांसमोर, जसा आहे तसा. "सगळ्यांना मी खोटं सांगत फिरले. ते तुम्ही निस्तरा."

मार्चमध्ये लावला. काकांनी वाचला. बोट आली, दोन माणसं झोपडीत गेली, आणि काकांनी काहीही न गाळता सांगितलं. आवाज दोनदा फाटला तरी थांबले नाहीत. काकूंनी त्यांचं मनगट धरलं होतं, नाडी बघतात तसं. जाताना त्या काकांना म्हणाल्या, "नीट वाचलंत." गाडीत दोघं मागच्या सीटवर बसले. एरवी काका माझ्या शेजारी बसतात.

आता एप्रिलचा सिनेमा ठरवायला मी फोन केला होता. स्पॅनिश आहे, एका शिंप्याची गोष्ट, साधी आणि खरोखरच साधी.

"यात काही आहे का रे?" काकांनी विचारलं.

"नाही काका. काही नाही."

पलीकडे ते जरा थांबले. पूर्वी थांबत नसत.

"बरं," म्हणाले. "लिंक पाठव. मी बघून घेतो."