नबीलालभाईंचा पुण्यातला वर्ग

नबीलालभाई तबले करायचे. भजनी मंडळ असो की तमाशाचा फड, कोल्हापुरात तबला म्हटला की त्यांचंच नाव निघायचं. हात सोन्याचा, पण तोंड असं की गिऱ्हाईक पैसे देऊन वर चार शिव्या खाऊन जायचं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. मला ते ‘सर’ म्हणायचे, तेही माझी कीव केल्यासारखं.

एकोणऐंशी साली पुण्यात संगीत आणि यंत्रं यांवर संशोधन करणाऱ्यांची परिषद भरणार होती. निबंधवाचनाखेरीज तिथे शिकवणीवर्गही होते. ज्याला वर्ग घ्यायचा असेल त्याने प्रस्ताव धाडायचा: कोण शिकवणार, काय शिकवणार, ऐकणारा घरी काय घेऊन जाणार. माझ्या डोक्यात आलं, नबीलालभाईंनी सगळ्यांसमोर तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, काळ्या शाईचे थर चढवावेत आणि दर थराला आवाज कसा बदलतो ते मी यंत्राच्या पडद्यावर दाखवावं.

‘‘मी? प्रोफेसरास्नी शिकवू?’’ त्यांची हातोडी हवेतच राहिली. ‘‘सर, सकाळच्या पारी थट्टा करू नगासा.’’

थट्टा नाही हे पटल्यावर मात्र गडी हवेत तरंगायला लागला. ‘शिक्षक: नबीलाल’ असं छापतील ना, हे विचारून त्यांनी माझा जीव खाल्ला. बापाने, आजाने जन्मभर तबले केले, पण त्यांचं नाव कुठे उमटलं नव्हतं. आता उमटणार म्हणून सगळ्या गल्लीत डंका पिटून झाला.

प्रस्ताव धाडण्याआधी रंगीत तालीम करू म्हणून मी कॉलेजातली यंत्रं हातगाडीवर घालून त्यांच्या दुकानात नेली. मी पोचलो तेव्हा तिथे तमाशा चालला होता. पेठ वडगावचा जोतीराम नावाचा तबलजी नवाकोरा तबला परत घेऊन आला होता.

‘‘भाई, चाट टोचतीया कानाला,’’ तो बिचारा म्हणत होता. चाट म्हणजे तबल्याची कड. ‘‘तुमच्या जुन्या तबल्यागत गोड न्हाय वाजत.’’

‘‘तुझं कानच बेसूर हाईत!’’ नबीलालभाई कडाडले. ‘‘ऊठ, चल. पुन्यांदा माझ्या दारात यायचं न्हाय!’’

जोतीराम तबला काखोटीला मारून गेला. भाईंचा पारा उतरावा म्हणून मी घाईने यंत्र लावलं. एक बटण फिरवलं की सूर हळूहळू चढत जायचा. भाई डोळे मिटून, मान डोलावत ऐकू लागले. मी चढवत गेलो. खर्ज गेला, मधले सूर गेले, आवाज बारीक होत शिट्टीसारखा झाला.

भाईंनी डोळे उघडले आणि यंत्राच्या डोक्यावर एक सणसणीत थापड ठेवून दिली. रेडिओ खरखरला की आपण मारतो ना, तशी.

‘‘बंद पडलं की वो तुमचं मशीन!’’

मी बटणावरचा हात काढायला विसरलो. शिट्टी माझ्या डोक्यातून आरपार जात होती. तेवढ्यात त्यांची बायको मेहमुदा आतून दोन्ही कानांवर हात दाबून धावत आली.

‘‘बंद कुठं? कान किटलं की! थांबवा ते!’’

भाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सूर खाली आणला. ‘‘आता येतंय,’’ ते म्हणाले. पुन्हा चढवला. ‘‘आता न्हाय.’’ मेहमुदाचे हात कानांवरच होते. जन्मभर कानाशी हातोडी मारून त्यांचे वरचे सूर मिटले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. कडेचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते तो दर तबल्याला आणखी टोकदार करत होते.

‘‘मंजे जोतीराम...’’ म्हणत ते दाराशी गेले आणि तो गेला त्या वाटेकडे पाहू लागले.

प्रस्ताव बारगळला असंच मी धरून चाललो होतो. पण आठवडाभराने भाई स्वतः कॉलेजात आले. आल्या आल्या सांगितलं, की पेठ वडगावला जाऊन जोतीरामची माफी मागून आलो.

‘‘अर्ज धाडा. पर शाई ऱ्हाऊ द्या. ह्येच शिकवायचं. मी म्होरं बसतो, हात वर करून. ऐकू यायचं थांबलं की खाली घीन.’’

‘‘भाई, वेड लागलंय का? गिऱ्हाईक तुटेल. चूल बंद पडेल!’’

‘‘तुटू दे. हातोडीनं कान जात्यात, ह्ये धंद्यातल्या कुणी मला कधी सांगितलं न्हाय, सर. आन् सांगितलं आसतं, तर मी त्येला हाकललंच आसतं.’’

प्रस्ताव मंजूर झाला. पुण्यात सभागृह भरलं. पुढच्या रांगांत नामांकित तबलजी आणि वाद्यं करणारे कारागीर, मागे तरुण विद्यार्थी. भाईंनी आपली कहाणी सांगितली आणि म्हणाले, ‘‘तुम्हीबी हात वर करा. डोळं मिटा. ऐकू यायचं थांबलं की हात खाली आन् डोळं उघडा.’’

मी सूर चढवत गेलो. भाईंचा हात खाली आला. ओशाळं हसत त्यांनी मान वर केली आणि हसू तसंच गोठलं. मागे विद्यार्थ्यांचे हात रानासारखे उभे होते. पुढच्या रांगांत एकही हात वर नव्हता. ती मोठमोठी माणसं वळून त्या पोरांकडे पाहत होती. एकाने शेजाऱ्याचा हात गच्च धरला होता. शिट्टी वाजतच होती आणि यंत्र बंद करायचं मला सुचलंच नाही.