पांढऱ्या डोळ्यांची कावीळ

आमच्या तालमीचे वस्ताद पहाटे पोराचं नाव विचारायच्या आधी त्याची खालची पापणी ओढून बघायचे. "डोळं दाव," एवढंच. पिवळी झाक दिसली की तो कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्यात उतरायचा नाही, मग तो कुणाचाही पोरगा असो. आम्ही पाठीमागं त्यांच्या नकला करून पोट धरून हसायचो.

त्यांचं तसं कारण होतं. पूर ओसरला की गावात पाण्यातून कावीळ यायची. एका वर्षी तालमीतली निम्मी पोरं तिनं अंथरुणाला खिळवली आणि वस्तादांनी धसकाच घेतला. मोठ्या हंड्यात पाणी उकळून गार करायचं, थंडाईसुद्धा त्याच पाण्यात. गाड्यावरचा रस बंद, भेळ बंद. "कावीळ तोंडातनं आत जाती. तोंड सांभाळा," म्हणायचे. त्या काविळीपुरतं ते खरंच होतं, आणि तिच्यातून बहुतेक पोरं विश्रांती घेऊन उठायचीही. वस्तादांना वाटायचं, कावीळ म्हणजे एवढीच.

तेवढाच जीव त्यांचा आमच्या कानांवर. कुस्तीत कान घासून आत रक्त साकळतं आणि कान वड्यासारखा फुगतो. मग वस्ताद कोनाड्यातली काचेची पिचकारी काढायचे. सगळ्या तालमीला एकच पिचकारी आणि एकच सुई. आमचं डोकं मांडीवर घेऊन ते रक्त ओढून काढायचे आणि वर फुंकर घालत बसायचे. "ह्यो कान बघून पावणं वळखतील की, पैलवान हाय म्हणून!" आमच्या आयांनीही इतक्या मायेनं केलं नसतं. काम झालं की सुई त्या उकळून गार केलेल्या पाण्यात खळबळायची आणि परत कोनाड्यात. चांगल्या पाण्यानं धुतली म्हणजे झाली स्वच्छ, यात त्यांना शंका नव्हती. त्यांचा स्वतःचा कान भरला, तरी तीच सुई.

पुढं सगळे पांगलो. मी जयसिंगपुरात मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. अशोक हुपरीत चांदीच्या कामाला लागला. काही वर्षांपूर्वी तो हौसेनं रक्तदान करायला गेला आणि रक्तपेढीनं त्याला परत बोलावून घेतलं. हिपॅटायटिस सी, म्हणजे काविळीचाच एक प्रकार. तो मला घेऊन थेट वस्तादांकडे आला. वस्तादांनी सवयीनं त्याची पापणी ओढली.

"डोळं पांढरंफेक हाईत की रं. कसली कावीळ?"

"ही पिवळी दिसत न्हाय म्हणं, वस्ताद. वरसानुवरसं आत गप बसून लिव्हर खाती. पाण्यातनं न्हाय, रगतातनं येती. डॉक्टर इचारत हुता, कुणाची सुई वापरलीस काय."

वस्तादांचा अंगठा त्याच्या गालावर तसाच राहिला. "कानाची?" त्यांनी विचारलं. अशोकनं मान डोलावली.

त्यानंतरचे वस्ताद मला बघवले नाहीत. त्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं, तेव्हा लिव्हर कामातून गेलेलीच होती. पायांवरची सूज ते म्हातारपणाची समजत होते. तसल्या पायांनी त्यांनी एकेकाचं घर गाठलं आणि बायकापोरांसमोर उभं राहून सांगितलं, "रगत तपासून घे. मी घातलंय तुझ्यात." कुणी शिव्या घातल्या, कुणी दार लावून घेतलं. एका घरात भिंतीवरच्या फोटोला हार होता. कशानं गेला ते घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. वस्ताद तिथं पाणीसुद्धा न पिता उठले.

"पयली तपासणी येवढंच सांगती की ती कवातरी आलती," ते प्रत्येकाला बजावायचे. "अजून हाय का गेली, ते दुसरी सांगती. दुसरी केल्याबिगर ऱ्हाऊ नगंस."

माझी पहिली पॉझिटिव्ह आली. दुसरीचं कळलं ते वस्तादांना दवाखान्यात ठेवलं होतं त्याच सकाळी. डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे. गोळ्यांनी जाईल, पण लिव्हर बरीच कडक झालीय, तिच्यावर कायम लक्ष ठेवावं लागेल. तिथून मी सरळ वॉर्डात गेलो. वस्तादांचं पोट पाण्यानं तटतटलं होतं आणि डोळे आता पिवळे होते.

"दुसरी केलीस?"

"केली."

"मग?"

"काय न्हाय, वस्ताद. अंगानंच घालवली म्हणं."

वस्ताद म्हणाले, "येक तरी सुटलं," आणि माझा हात धरून रडले. त्याच आठवड्यात ते गेले.

घरात त्यांचं नाव निघालं की माझ्या बायकोच्या कपाळावर आठ्या पडतात. तिचं चुकत नाही, तिलाही रक्त तपासून घ्यावं लागलं. मला मात्र त्या माणसावर रागावता येत नाही, कितीदा ठरवलं तरी. गोळ्यांनी विषाणू गेला. लिव्हरवर गाठ धरत नाही ना, हे बघायला पोटाची सोनोग्राफी मात्र दर सहा महिन्यांनी चालू असते. परवा डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघता बघता बोलायच्या थांबल्या. पुन्हा पुन्हा त्याच जागेवर यंत्र फिरवून म्हणाल्या, "एकदा सीटी स्कॅन करून घेऊ." मी घरी अजून काही बोललो नाही. वस्ताद असते, तर त्यांनाही सांगितलं नसतं.