आधी मार्जिन

"आधी मार्जिन," असं म्हणत ते रुमालाने कीबोर्ड पुसायचे आणि खुर्ची पुढे ओढायचे. आता साहेब कामाला लागले, असा तुमचा समज झाला असता. आमचाही सुरुवातीला झाला होता.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात ते ऑफिस सुपरिंटेंडंट होते आणि मी हिशेब बघायचे. पूजा मांडावी तसे ते नवीन डॉक्युमेंट मांडायचे. मार्जिन झालं की बॉर्डर, मग फॉन्ट. अक्षर चौदाचं ठेवावं की सोळाचं, यावर चहा पिता पिता विचार चालायचा. शीर्षक मध्यभागी आणायला स्पेसबार बडवायचे आणि मान मागे नेऊन बघायचे. "बघा मॅडम, पान कसं बोलतंय!" काय बोलणार कपाळ? त्यावर अजून एक ओळही नसायची.

मजकुराला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "मजकूर काय, असतोच कुठेतरी," म्हणून जुन्या फायलीतून उचलायचे आणि वरचं नाव तेवढं बदलायचे. एकदा पाण्याची टाकी साफ करण्याच्या नोटिशीखाली "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत" असं छापून आलं. आम्ही पोट धरधरून हसलो. हे म्हणतात, "अहो, बॉर्डर बघा ना!" असल्या माणसाला प्रमोशन कोणी दिलं, हे मला कधीच कळलं नाही.

मग कारखाना बंद व्हायचं ठरलं. पॅकिंगमधल्या एका बाईला बदलापूरच्या एका कंपनीत जागा मिळत होती, फक्त अनुभवाचा दाखला हवा होता. वांगणीच्या तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. साहेबांनी अख्खी सकाळ घालवून इंग्रजीत दाखला केला. तिचं नाव मोठ्या ठळक अक्षरात, भोवती वेलबुट्टी. बाई नाव बघूनच हरखली.

दुसऱ्या दिवशी ती रडत आली. "सर, कंपनीवाल्यांनी दाखला वाचून परत पाठवलं. तब्येतीमुळे जड काम जमत नाय, म्हणून सोडलं, असं लिवलंय त्यात. मी कुठे आजारी आहे?" ती ओळ एका जुन्या हेल्परच्या दाखल्यातली होती.

"पण ताई, पान तर..." एवढं बोलून ते थांबले. थांबले नसते तर तो कागद मी त्यांच्या तोंडावर फेकला असता. त्यांनी नवीन पान उघडलं, मार्जिन, बॉर्डर कशालाही हात न लावता सरळ चार ओळी टाइप केल्या, सही-शिक्का घेतला आणि रिक्षा करून आम्ही तिघं बदलापूरला गेलो.

गेटवर आलेल्या कंपनीच्या माणसाने कागद उघडलाही नाही. "जागा सकाळीच भरली," म्हणाला आणि आत गेला. साहेब मग वॉचमनलाच सांगत राहिले, "यांची तब्येत उत्तम आहे हो. चूक माझी आहे, यांची नाही." वॉचमन बिचारा "हां साब, हां साब" करत होता. मला दया आली नाही. निदान तेव्हा तरी नाही.

शेवटी बाईनेच त्यांचा दंड धरला. "चला सर," ती म्हणाली, "उन्हात उभे राहू नका, आजारी पडाल."