साडूंच्या मापाचा सूट

आमच्या साडूंच्या मापाचं कापड या पृथ्वीतलावर आजवर कुणी बेतलेलं नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार लालबाग, धंदा पाणबुड्याचा. भाऊच्या धक्क्याला लागणाऱ्या मच्छीमार बोटींच्या पंख्यात जाळं गुंतलं की बोटवाले यांना फोन करतात. मग साडू तोंडावर हवेच्या नळीचा मुखवटा चढवून खाली जातात आणि जाळं कापून पंखा मोकळा करतात. तीस वर्षं हेच चाललंय. कंबरेच्या वर पाहिलं तर हा माणूस तालमीतला वस्ताद वाटतो आणि कंबरेखाली पाहिलं तर सातवीतला मुलगा. छाती पन्नास इंच, पाय असे की खुर्चीत बसले की हवेत लोंबतात, हात मात्र गुडघ्यापर्यंत. आणि मान हा अवयव देवाने त्यांना दिलेलाच नाही. डोकं खांद्यांवर ठेवून वरून जरा दाबून दिलं, एवढंच. दादरच्या एका दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना सात शर्ट घालून दाखवले आणि आठव्याला, "काका, तुम्ही झब्बा का नाही घालत?" असं विचारून स्वतःची सुटका करून घेतली. झब्ब्यातही त्यांचे हात चार बोटं उघडे राहतात आणि खालची शिवण घोट्याशी झुलते, ही गोष्ट वेगळी.

या छातीत हवा किती मावते याचा अंदाज घरच्यांना केव्हाच आलेला आहे. साडूंना एखादी गोष्ट पटली नाही की ते भांडत नाहीत, श्वास कोंडून बसतात. माझ्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली होती. साडूंनी मोठा श्वास घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. लोक एकेक करून गप्प होत त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी साडूंनी श्वास सोडला आणि "जेवायला बसूया का?" म्हणाले. मानपानाचा विषय पुन्हा निघाला नाही. माझा संसार त्या दीड मिनिटावर उभा आहे असं माझी बायको अजूनही ऐकवते, आणि तिच्या सुरावरून तो आरोप आहे की कौतुक हे मला कळलेलं नाही. पोहण्याच्या तलावांबद्दल साडूंना मनापासून तुच्छता. "ज्या पाण्याचा तळ दिसतो, त्यात उतरायचं कशाला?" असं ते विचारतात. धक्क्याच्या तळाशी मात्र त्यांच्या ओळखीच्या वस्तू आहेत. एका ठिकाणी एक फ्रिज पडलाय, भरतीला त्याचं दार उघडतं आणि ओहोटीला बंद होतं, ही बातमी ते अशा थाटात देतात की जणू शेजारच्या खोलीतल्या बिऱ्हाडाचं चाललंय.

अशा माणसाच्या अंगावर दोन वर्षांपूर्वी पुरळ उठलं. आधी हातांवर, मग पाठीवर, मग मान जिथे असायला हवी होती तिथे. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं की बंदरातल्या पाण्यातलं तेल यांच्या कातडीला सोसत नाही. एक थेंब अंगाला लागता कामा नये, नाहीतर काम सोडा. पाणबुड्याला पाण्याचा थेंब लागू नये, म्हणजे हलवायाला साखर बंद. साडूंच्या पुतण्याने धावपळ करून गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये त्यांच्यासाठी वॉचमनची नोकरी मिळवली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. गणवेश घरी आला. साडूंनी तो घातला. पँटचे पाय जमिनीवर लोळत होते आणि कोटाचं एकही बटण लागत नव्हतं. ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी श्वास कोंडला. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, मला नंतर सांगितलं की दोन मिनिटं होऊन गेली तेव्हा ताईंनाच रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी साडूंनी मला ठाकूरद्वारच्या माझ्या घरी फोन केला. "साडू, रे रोडला ये. एक वस्तू बघायचीय." तिथे जुन्या जहाजांचं सामान विकणाऱ्या गाळ्यात, लाइफ जॅकेटांच्या ढिगाखाली, एक नारिंगी ड्रायसूट होता. पायाला बूट चिकटवलेले, पाठीवर आडवी जाडजूड चेन, गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबर. एकदा आत शिरलं की पाणी बाहेर आणि माणूस आत, कोरडा ठणठणीत. थंड समुद्रातल्या कुणा लंबूटांग खलाशाचा असावा, कारण तो उभा धरल्यावर माझ्या डोक्यावरून वीतभर वर गेला. मी म्हटलं, "साडूभाऊ, यात तुमचं कसं व्हायचं?" ते म्हणाले, "पाणी आत येत नाय ना? मग माझं मी बघतो."

त्यांचं त्यांनी बघितलं ते असं. अंगाला डबाभर पावडर चोपडून ते सूटमध्ये शिरले, आणि छातीशी अडकले. डोकं आत, हात अर्धे आत, पाय बुटांच्या फूटभर वरच संपलेले. मी आणि ताई दोन बाजूंनी ओढत होतो. आतून आवाज आला, "मी बरा आहे. तुम्ही चहा घ्या." बाहेर काढायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. त्यानंतर आम्ही गिरगावापासून दादरपर्यंत शिंपी पालथे घातले. एकाने कापड चिमटीत धरून "रेनकोट आहे का?" विचारलं. दुसऱ्याने सूट बघितला, साडूंना बघितलं आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं, दुपारचे बारा वाजले असताना.

वाट सापडली ती ताईंना. त्या मलम आणायला गेल्या असताना इस्पितळामागच्या गल्लीत त्यांना एक दुकान दिसलं. वाकलेल्या पाठींचे पट्टे आणि आखूड पायांचे बूट तिथे बनत. दुकानातले मास्तर सत्तरीचे, बारीक, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कातडी पट्ट्यांची रांग. त्यांनी साडूंकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कापड बेतणाऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर साडूंना आनंद दिसला. "माझ्याकडे सरळ माणूस येतच नाय," मास्तर म्हणाले. "बसा." साडू मात्र माप द्यायला ताठ उभे राहिले. मास्तरांनी टेप खाली ठेवली. "पाण्यात तुम्ही असे उभे राहता? मग उभ्याचं माप काय कामाचं? काम कसं करता ते दाखवा." आणि मग भर दुकानात, पट्ट्यासाठी आलेल्या पाच-सहा पेशंटांसमोर, आमचे साडू जमिनीवर तपकिरी कागदावर उताणे पडले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन नसलेल्या बोटीच्या नसलेल्या पंख्यातलं जाळं कापू लागले, आणि मास्तर गुडघ्यांवर रांगत त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवू लागले. उठून त्यांनी निकाल दिला. "पायातलं काढू, छातीत घालू. कापड पुरतंय."

आणि पुरलं की. फूटभर पाय कापून त्याच्या पट्ट्या बगलेत आणि कुशीत गेल्या, उरलेल्याने बाह्या वाढल्या, मनगटावर रबरी हातमोजे कायमचे चिकटवले, हवेच्या मुखवट्याला गळ्यापर्यंतची रबरी टोपी जोडली. कुठे गळतो का बघायला चाळीच्या गॅलरीत आम्ही सूटच्या गळ्यात कळशी खुपसून बांधली, सायकलच्या पंपाने सूट फुगवला, साबणाचा फेस फासला. एकही बुडबुडा नाही. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या काकी बाहेर आल्या, आडवा पडलेला नारिंगी माणूस बघून "पाव्हणे दमलेले दिसतात" म्हणाल्या आणि आत गेल्या. फक्त गळ्याचं रबर साडूंना काचत होतं. आणि इथे आमच्या कोकणी रक्ताने घात केला. ताईंनी प्रेमाने नवऱ्याच्या गळ्याला खोबरेल चोळलं, आणि काचू नये म्हणून रबरालाही चोळलं. तेलाने चार दिवसांत त्या रबराचा गुळाचा पाक झाला. एक तारखेला तीन दिवस उरले होते. ताई म्हणाल्या, "माज्याच हातान झाला." साडूंनी या वेळी श्वासही कोंडला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

मास्तरांनी ओरडून घेतलं, मग इस्पितळासमोरच्या दुकानातून रबराची शीट आणून नवा गळा केला, निमुळत्या नरसाळ्यासारखा. तो साडूंच्या डोक्यावरून खाली ओढला. आता एकेक कडं कापत तो त्यांच्या मापाला आणायचा होता. कमी कापला तर गळा आवळेल, एक कडं जास्त कापलं तर पाणी आत, आणि शीट एकच. "मान असती तर टेपने मोजली असती," मास्तर म्हणाले. "आता तुमच्या आवाजावर कापतो. एका दमात काहीतरी लांबलचक बोला."

एका दमात साडूंना एकच गोष्ट येते. शिमग्याला गावी जाऊन देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं. त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला. कात्री फिरली, एक कडं गळून पडलं. "आज ह्या मास्तराच्या कातरीक यश दी रे म्हाराजा." बाकावरून एक म्हातारी, पायाला प्लॅस्टर, सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा." दुसरं कडं पडलं. "ह्यो रबर गळ्याक जाच करता हा, तेचो राग काढ रे म्हाराजा." आता सगळा बाक म्हणाला, "व्हय म्हाराजा." आवाज भरत चालला होता. तिसरं कडं, चौथं. "पाण्याक भायर ठेव, माका आत ठेव रे म्हाराजा." हा त्यांचा खरा आवाज होता, गावच्या देवळाच्या सभामंडपात घुमणारा. मास्तरांची कात्री पाचव्या कड्याला लागणारच होती, ती त्यांनी तिथेच थांबवली आणि खिशात टाकली. मीही ओरडलो होतो, "व्हय म्हाराजा," हे मला नंतर कळलं.

तीस तारखेला धक्क्यावर एका बोटीचा पंखा अडकला होता. साडू पाऊण तास खाली होते. मी नखं खाल्ली, ताईंनी पदर चावला. पंखा मोकळा झाला, साडू वर आले, आम्ही चेन उघडली. आतला बनियन चिंब. घाम म्हणावा तर घाम खारट, समुद्र म्हणावा तर समुद्रही खारट, चाखून तरी काय कळणार? ताई पुढे झाल्या, त्यांनी बनियनमध्ये नाक खुपसलं आणि चार माणसांत जाहीर केलं, "डिझेलाचो वास नाय. ह्यो तुमचोच." बोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी तिथूनच पुतण्याला फोन लावला. "उद्या येत नाय रे. तो कोट दुसऱ्या कुणाला बसेल त्याला दे." त्या क्षणी त्यांची छाती पन्नासाची पंचावन्न झाली होती, आणि मला इतका अभिमान वाटत होता की जणू सूट मीच शिवला होता.

परतताना ताई पुढे चालत होत्या. साडू सूट खांद्यावर टाकून माझ्याबरोबर होते. मग म्हणाले, "साडू, खाली अंधारच असतो. पाणी इकडून थंड लागलं की कळतं बोट कुठे आहे, तिकडून कोमट लागलं की कळतं भरती येते. तीस वर्षं तसंच बघितलं. आज पाऊण तास आत होतो नि पाणी कुठेच लागलं नाय."

"सवय होईल," मी म्हटलं.

"होईल ना. काम राहिलं, हे काय कमी आहे?" ते म्हणाले, आणि ओल्या बनियनवरून एकदा हात फिरवला. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. लालबागचा सिग्नल येईपर्यंत आम्ही दोघं तसेच चालत राहिलो.