तोपर्यंतचं घर

आमचा जुना फ्लॅट विकला गेला तेव्हा नवीन घराची बोलणी पक्की झाली होती, लिखापढीही झाली होती, पण ताबा मिळायला वेळ होता. ते घर ज्यांचं होतं ते काका-काकू वयस्कर होते. त्यांना हैदराबादला मुलाकडे राहायला जायचं होतं, आणि आयुष्यभराचं सामान आवरायला त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली होती. इकडे आमचा फ्लॅट घेणाऱ्याला शाळा सुरू व्हायच्या आत यायचं होतं. मग मधल्या काही महिन्यांसाठी कुठेतरी भाड्याने राहायचं ठरलं.

जागा मिळाली एका मल्टीत. इंदूरात उंच इमारतीला सगळे मल्टीच म्हणतात, मराठी बोलतानासुद्धा. चौथा मजला, दोन बेडरूम, हॉल, आणि समोर दुसऱ्या मल्टीची गॅलरी. मकानमालकाने चावी देताना एकच गोष्ट दोनदा सांगितली, "बस भाभीजी, दीवार में कील मत ठोकना."

"भैया, दिवाली तक का ही तो काम है," मी म्हटलं.

खोके उघडायचे नाहीत असं मीच ठरवलं. कुकर, चार ताटं, एक कढई, ऑफिसचे कपडे, मुलीची पुस्तकं एवढंच बाहेर काढलं. बाकीचे खोके हॉलच्या भिंतीला लावून ठेवले, त्यांवर चादर टाकली आणि पाहुणे आले की तिथेच बसवायचे. घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवलेलं. मुलगी आठवीत होती, चित्रं छान काढायची. "आई, माझी पेंटिंग्स कुठे लावू?" विचारायची. मी म्हणायची, "नव्या घरी." हळदीकुंकवाचे वाडगे कुठे आहेत? नव्या घरी काढू. समोरच्या फ्लॅटमधली भाभी संध्याकाळी खाली बायकांबरोबर बसायला बोलवायची. मी हसून टाळायची. चार दिवसांसाठी ओळखी कशाला वाढवायच्या, असं वाटे.

मल्टीचे सगळे मजले एकसारखे. तसाच पॅसेज, तशीच तपकिरी दारं. एकदा नवरा लिफ्टमधून चुकून तिसऱ्या मजल्यावर उतरला आणि दुसऱ्याच्या कुलपात किल्ली फिरवत बसला. आतून बाईचा आवाज आला, "कौन है?" तेव्हा तो जिन्याने पळत वर आला. आम्ही तिघंही पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

मला काका-काकूंचंच घर का हवं होतं, ते सांगायला हवं. माझे वडील मिलमध्ये कारकून होते. आम्ही नेहमी भाड्याच्या खोल्यांत राहिलो, कधी वरच्या मजल्यावर, कधी कुणाच्या घरामागे. आमच्या घराचं दार कधीच सरळ रस्त्यावर उघडलं नाही. कुणाच्या तरी अंगणातून, कुणाच्या तरी जिन्यावरून जावं लागायचं, आणि जाताना आवाज करायचा नाही, हे आईने आम्हाला शिकवलेलं. लग्नानंतर फ्लॅट आला, तोही दुसऱ्या मजल्यावर. काका-काकूंचं घर मात्र बैठं होतं. जुनी कॉलनी, शांत गल्ली, लोखंडी फाटक, आणि दाराबाहेर बसायला रुंद ओटा. मागे जामाचं झाड. पेरूला इकडे जामच म्हणतात. पहिल्यांदा ते घर बघायला गेलो त्या दिवशी मी ओट्यावर बसले आणि मला उठावंसंच वाटेना. नवरा आत नळ, वायरिंग, गच्ची बघत होता. मी काहीच बघितलं नाही.

मल्टीत राहायला आल्यावर एका रविवारी स्वयंपाकघराची मापं घ्यायला म्हणून मी एकटी तिकडे गेले. काका ओट्यावरच होते. पांढरा पायजमा, वर स्वेटर, उन्हाळा नुकताच संपलेला असूनही.

"या, या," ते उठून म्हणाले. "पहिल्यांदाच येताय ना? चला, घर दाखवतो."

आम्ही तोपर्यंत तीन-चारदा जाऊन आलो होतो. मला वाटलं, गंमत करताहेत. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी प्रत्येक खोली दाखवली. ते गौतमपुऱ्याला शाळेत मास्तर होते तेव्हाचं हे बांधकाम. दर सुट्टीला बसने इंदूरला येऊन स्वतः भिंतींवर पाणी मारायचे. खिडकीची जाळी कृष्णपुऱ्यातल्या एका लोहाराकडून समोर बसून घडवून घेतलेली. न्हाणीघराची पायरी त्यांच्या आईचे गुडघे दुखायचे म्हणून फोडून खाली केलेली. "इथे हात लावून बघा," ते म्हणाले. मी लावला. पायरीची कड गुळगुळीत होती.

पुढच्या रविवारी गेले, तर पुन्हा, "या, या. पहिल्यांदाच येताय ना?"

स्वयंपाकघरात काकू कीस करायला भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "विसरतात गं. सकाळचं संध्याकाळी याद नसतं. पण घरातलं काहीही विचार, एकदम बरोबर सांगतील. अंधारातसुद्धा दिवा न लावता उठतात, पाणी पिऊन येतात."

"हैदराबादला कसं होईल मग?"

"मुलगा म्हणतो, तिथे डॉक्टर चांगले आहेत. तो तरी किती दिवस इकडे-तिकडे करणार?" त्या किसत राहिल्या. "तू बैस ना बेटा. कीस खाऊनच जा."

त्यानंतर मी जवळजवळ दर रविवारी जाऊ लागले. आठवडाभर मी सांवेर रोडवरच्या औषधाच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये असायची. पांढरा कोट, टोपी, बंद खिडक्या. शनिवारपासूनच मला ओट्याची ओढ लागायची. नवरा म्हणायचा, "यार, दर रविवारी तिकडे काय काम असतं तुझं? मापं किती वेळा घेणार?" मी काहीतरी सांगायची. खरं तर काही काम नसायचं. काका मला पुन्हा पहिल्यापासून घर दाखवायचे आणि मी पुन्हा पहिल्यांदाच बघतेय अशी बघायची. मला कंटाळा येत नव्हता. जाळी आली की मी मनात म्हणायची, इथे पडदे नकोतच. मधली खोली आली की ही भिंत मुलीच्या चित्रांची.

नवरात्राच्या आधी काकूंनी ठरवलं की काकांना पंधरा दिवस हैदराबादला नेऊन आणायचं. एकदम हलवण्यापेक्षा जरा सवय झालेली बरी. जाताना त्यांनी घराची चावी माझ्या हातात दिली. "झाडांना पाणी घालशील? तसंही तुमचंच आहे आता."

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. ऑफिसमधून सुटले की मी परस्पर तिकडे जायची. कुलूप काढायची, ओटा झाडायची, कुंड्यांना पाणी घालायची. मग काकूंच्या शेगडीवर आपल्यापुरता चहा करून ओट्यावर येऊन बसायची. कधी मुलीलाही न्यायची. ती पायऱ्यांवर वही घेऊन बसे. गल्लीत मुलं सायकली फिरवायची, समोरच्या घरातून फोडणीचा वास यायचा. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जाणारी एक बाई फाटकाशी थांबली. "नवीन आलात का?"

"हो," मी म्हटलं.

मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. ती बाई गेल्यावर मला जरा लाज वाटली, पण बरंही वाटलं. फाटकाला कुलूप लावून परत मल्टीत जायचं जिवावर यायचं. चौथ्या मजल्यावर येऊन दार उघडलं की समोर ते खोके.

पंधरा दिवस व्हायच्या आतच काकूंचा फोन आला. "बेटा, आलो आम्ही परत." आवाज बसलेला होता.

मी गेले तेव्हा काका आत झोपले होते. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. मुलगा-सुनेने काही कमी केलं नव्हतं, वेगळी खोली दिली होती, सून हाताने खाऊ घालायची. पण काकू अंघोळीला गेल्या की काका दार उघडून बाहेर पडायचे. मग त्यांना परतीचं दार सापडायचं नाही. सगळे मजले एकसारखे, सगळी दारं एकसारखी. ते एकेक घंटी वाजवून मराठीत विचारायचे, "माझं घर कुठलं?" तिकडे कुणाला कळणार? तिसऱ्या वेळी चौकीदाराला ते जिन्यात बसलेले सापडले. पायजमा ओला झालेला होता, आणि ते रडत होते.

"पन्नास वर्षांत मी त्यांना रडताना नाही पाहिलं गं," काकू म्हणाल्या. "आणि इथे रिक्षातून उतरले, स्वतः फाटकाची कडी काढली, आत जाऊन हातपाय धुतले आणि मला म्हणाले, चहा टाक."

मला नवऱ्याचा तो किल्लीचा प्रसंग आठवला. आम्ही किती हसलो होतो.

काकूंनी माझ्याकडे काही मागितलं नाही. डोळे पुसून एवढंच म्हणाल्या, "तू काळजी नको करू. शब्द दिलाय आम्ही. दिवाळीपर्यंत जाऊ." हे ऐकणं जास्त कठीण होतं. मागितलं असतं तर हो किंवा नाही तरी म्हणता आलं असतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो भडकला. "हा काय मजाक आहे? आपण फ्लॅट विकून बसलोय. मकानमालक रोज विचारतो, कब खाली करोगे. लिखापढी झालीय आपली, मतलब काहीतरी अर्थ आहे ना त्याला?"

"आहे ना. त्या जातो म्हणताहेत."

"मग झालं तर!"

मी ताटं घ्यायला उठले. त्याचं चुकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याने असंच अडून बसावं असं मला आतून वाटतही होतं. माझ्या वाट्याचा हट्ट तो करत होता. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "रविवारी मी येतो. स्पष्ट बोलून घेऊ, कधी ते."

रविवारी आम्ही दोघं गेलो. काका ओट्यावर उन्हात बसलेले. नवऱ्याला बघून उठले. "या, या. पहिल्यांदाच येताय ना? चला, घर दाखवतो." आणि त्यांनी चक्क त्याचा हात धरला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काकूंजवळ आत गेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होतो. जाळीपाशी काकांचा आवाज, मग मधल्या खोलीत, मग न्हाणीघराशी. "इथे हात लावून बघा." मग मागचं दार उघडल्याचा आवाज. झाडापाशी ते बराच वेळ होते. तिथलं काही ऐकू आलं नाही. काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून उकळून आटलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

नवरा आत आला. पाणी मागून प्यायला. पेला शेगडीशेजारी ठेवत म्हणाला, "काकू, तुम्ही कुठे जाऊ नका. राहा इथेच. आम्ही बघतो दुसरं."

काकू पुढे आल्या. त्यांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही तेच म्हणायचं होतं, आठवडाभर तेच घोळत होतं मनात. पण त्याने ते म्हणून टाकलं तेव्हा ते घर खरंच गेलं. मला त्याचा राग आला, काकांचा आला, त्या हैदराबादच्या मुलाचाही आला. परत जाताना स्कूटरवर मी त्याच्या पाठीमागे रडत होते. त्याला कळलं असणार. थोडं पुढे गेल्यावर त्याने गाडी हळू केली आणि न वळताच विचारलं, "पोहे खायचे?"

"नको," मी म्हटलं.

त्या आठवड्यात आम्ही खोके उघडले. मकानमालकाला सांगितलं, अजून राहणार आहोत. मुलीने टेप लावून भिंतभर चित्रं चिकटवली. समोरच्या भाभीने बोलावलं तेव्हा मी खाली जाऊन बसले, आणि मग रोजच बसू लागले. ते घर वाईट नव्हतंच. मी त्याला घर म्हणायला तयार नव्हते, एवढंच.

पुढच्या वर्षी आम्ही बायपासच्या बाजूला एक रो-हाउस घेतलं. नवं, उजेडाचं, मोठ्या स्वयंपाकघराचं. दार रस्त्यावर उघडतं. मुलीला स्वतःची खोली मिळाली. वास्तुशांतीला काकूंनी नारळ आणि खण पाठवला. काकांना सोडून त्या येऊ शकत नव्हत्या.

काका त्याच हिवाळ्यात गेले, आपल्या पलंगावर, झोपेत. त्यांचे दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला.

"मी आता मुलाकडे चाललेय गं. घर विकायचंय. म्हटलं, आधी तुलाच विचारावं."

मी आमच्या नव्या स्वयंपाकघरात उभी होते. त्या एका क्षणात मी काय काय विकून टाकलं मनातल्या मनात. मग म्हटलं, "काकू, आमचं झालं ना आता."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तरी विचारल्याशिवाय राहवेना."

घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. कोण आहेत, मला माहीत नाही. काकू हैदराबादला आहेत, महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. त्यांच्या मल्टीत एक मराठी बाई भेटली आहे, दोघी संध्याकाळी खाली फिरतात.

मागच्या वेळी बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तिकडून कधी जातेस का गं?"

"जाते कधी कधी. गल्लीच्या तोंडापर्यंत."

"मग?"

"मग वळते."

 त्यांच्या नातवाचा आवाज येत होता मागून.

"बरं," त्या म्हणाल्या, "आज भाजी काय केलीस?"