संगीताला मी कधी रागावलो नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, तर अजूनही वाटतं — उठून जावं.

नांदगाव पेठच्या एका शिलाई कारखान्यात मी सुपरवायझर आहे. नव्या लोकांना तयार करायचं, त्यांचं काम सुधारायचं, हीच माझी नोकरी. तोंडाचा मी फटकळ. शिकवायची पद्धतही तीच — "काहून कापड ओढून राहिली वो? मशीन घेते ना आपोआप!" असं ओरडायचं, चुकणारीला उठवायचं, तिच्याच स्टुलावर बसून शिवून दाखवायचं. पोरी मागून मला शिव्या घालत, पण हात सुधारायचा.

संगीता तिवशाहून यायची. तीही कापड ओढायची, कॉलरला चुण्या पडायच्या. समजावणं दोन मिनिटांचं काम होतं. मी "बरं चाललंय, ताई" म्हणायचो आणि पुढच्या मशीनकडे वळायचो.

का? ती बौद्ध, मी पाटलांच्या घरातला. आवाज चढला तर जात काढली म्हणतील, कशाला उगाच विस्तवाशी खेळा — असं मी स्वतःला सांगायचो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, नाही? एकदा तिनंच विचारलं, "सर, मायं काई चुकून राहिलं का? तुमी सगळ्याइले बोलता, मले काहीच नाई म्हणत." मी हसलो. चांगल्या कामाला काय बोलायचं, म्हणालो.

मग उमेदवारी संपली. कुणाला कायम करायचं, ते मॅनेजरनं मला विचारलं. मी तिचं नाव गाळलं. चुण्या तर खऱ्याच होत्या! घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालतं, हे मला माहीत होतं. तिला मात्र सांगितलं — वरून आलंय ताई, माझ्या हातात काही नव्हतं.

आणि ते भीतीचं सांगितलं ना, तेही अर्धंच खरं. आमच्याकडे माणूस आपल्या माणसावर रागावतो. तिला मी आपलं धरलंच नव्हतं. तिच्या स्टुलावर — कसं सांगू — मला बसायचंच नव्हतं. जातपात मानत नाही, असं चारचौघांत छातीठोक सांगणारा मी. पण तिथं बसायची वेळ आली की अंग आखडायचं. माझी मलाच किळस येते.

गेल्या महिन्यात ती अकोल्याच्या स्टँडवर भेटली. घरी फॉल-पिको करते म्हणाली. बारावी झालेल्या लेकीला पुढं करून सांगू लागली, "हेच ते सर. मले कधी आवाज चढवून नाई बोलले." ताई, तुम्हाला मीच काढलं — शब्द ओठांशी आले. पण मग का काढलं, तेही सांगावं लागलं असतं. कोणत्या तोंडानं? ती माझं कौतुक करत राहिली, आणि मला तिथून निसटायला वाटच नव्हती.

"सर, हिले तुमच्याच हाताखाली लावा. दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई मले."

पाठवा, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पोरगी परवा कामावर येतेय. मी बदललोय, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.